लोकयुद्धाचा कौल आणि वऱ्हाडचा कापूस

दुसऱ्या महायुद्धाच्या सहा वर्षांत महाराष्ट्रातील कम्युनिस्ट चळवळीने एकाच युद्धाविषयी परस्परांना छेद देणाऱ्या दोन भूमिका घेतल्या. सप्टेंबर १९३९ पासून १९४१ च्या अखेरीपर्यंत तिने या युद्धाला ‘साम्राज्यशाही युद्ध’ म्हटले आणि त्याला विरोध करण्यासाठी तुरुंगवास पत्करला. त्यानंतर तेच युद्ध तिच्या लेखी ‘लोकयुद्ध’ झाले आणि ते जिंकण्यासाठी तिने देशातील सर्वांत मोठ्या जनउठावापासून स्वतःला दूर ठेवले. या बदलाची दोन स्पष्टीकरणे मराठी वाचकाच्या परिचयाची आहेत. विरोधकांच्या मते तो मॉस्कोच्या हुकुमाचा परिणाम होता, तर समर्थकांच्या मते ती जागतिक दूरदृष्टी होती. दोन्ही स्पष्टीकरणांत तथ्य असले तरी दोन्ही अपुरी आहेत, आणि त्यांचा अपुरेपणा मुंबईच्या गिरणगावापेक्षा वऱ्हाडातील यवतमाळसारख्या जिल्ह्यातून अधिक ठळकपणे दिसतो. यवतमाळ हा कम्युनिस्टांचा बालेकिल्ला नव्हता. परंतु तेथील कापसामुळे हा जिल्हा जागतिक बाजारपेठेला घट्ट बांधला गेला होता, तेथील सर्वांत ज्येष्ठ पुढारी युद्धाच्या ऐन काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसला होता, आणि बेचाळीसच्या उठावातील विदर्भाची दोन सर्वांत धगधगती गावे, चिमूर आणि आष्टी, या जिल्ह्याला लागून असलेल्या चांदा व वर्धा जिल्ह्यांत होती.

कम्युनिस्टांच्या युद्धविषयक विचाराचा पाया लेनिनने १९१६ मध्ये झुरिकमध्ये लिहिलेल्या आणि पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या साम्राज्यशाहीवरील पुस्तकात आहे. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे की, भांडवलशाही विशिष्ट टप्प्यावर पोहोचली म्हणजे मक्तेदार उद्योग आणि बँका एकमेकांत मिसळतात, त्यांच्या हाती साचलेले भांडवल स्वदेशात पुरेसा नफा मिळवू शकत नाही, आणि म्हणून मालाच्या निर्यातीपेक्षा भांडवलाची निर्यात, म्हणजे परदेशांत रेल्वे, खाणी, बंदरे यांत पैसा गुंतवणे, महत्त्वाची ठरते. जगाची वाटणी पूर्ण झाल्यावर फेरवाटणीसाठी बड्या राष्ट्रांत युद्धे पेटतात. हे विवेचन युरोपातील आकडेवारीवर उभे असले तरी त्याचा पडताळा वऱ्हाडात घेता येतो. हैदराबादच्या निजामाकडे थकलेल्या फौजेच्या खर्चापोटी ईस्ट इंडिया कंपनीने १८५३ च्या तहाने वऱ्हाड ताब्यात घेतला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतील कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो भाव कोसळला. दूरच्या रणांगणावरील घडामोडी येथील शेतकऱ्याच्या घरात सुबत्ता किंवा कर्ज घेऊन येतात, हा अनुभव वऱ्हाडला मार्क्सवादाची ओळख होण्याच्या कितीतरी आधी आला होता.

१९०२ मध्ये निजामाला वार्षिक २५ लाख रुपये देण्याच्या बोलीवर इंग्रजांनी वऱ्हाड कायमचा पट्ट्याने घेतला आणि १९०३ मध्ये तो कारभारासाठी मध्य प्रांताला जोडला. त्यानंतरच्या काळात मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अडीच फूट रुंदीची रेल्वे सुरू झाली. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने उभारलेल्या या मार्गावरून सरकीपासून वेगळ्या केलेल्या रुईच्या दाबून बांधलेल्या गाठी मूर्तिजापूरला येत, तेथे त्या मोठ्या रुळांवरील डब्यांत चढवल्या जात, मुंबई बंदरात पोहोचत आणि पुढे समुद्रापार जात. या मार्गावर धावलेले एक वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरलाच तयार झाले होते आणि ते १९९४ पर्यंत सेवेत राहिले. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी पुढे ‘शकुंतला’ म्हणून ओळखली गेलेली ही गाडी खासगी कंपनीच्याच मालकीच्या रुळांवर अनेक दशके धावत राहिली. गाठी वाहून नेणारे रूळ, इंजिन आणि नफा हे तिन्ही ज्यांच्या मालकीचे होते, ते आणि कापूस पिकवणारा शेतकरी यांच्यातील नाते समजून घेण्यासाठी ‘भांडवलाची निर्यात’ ही संज्ञा उपयोगी पडते, हे मान्य करण्यासाठी कोणी कम्युनिस्ट असण्याची गरज नाही.

विसाव्या शतकात या कापसाचा गिऱ्हाईक बदलला. वऱ्हाडचा कापूस मुख्यतः आखूड धाग्याचा. त्याला तिसऱ्या दशकापासून सर्वांत मोठी मागणी जपानकडून येऊ लागली. स्वस्त जपानी कापड रोखण्यासाठी भारत सरकारने जकात वाढवली, तेव्हा १९३३ मध्ये जपानी गिरण्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार टाकला, आणि १९३४ मध्ये जो करार झाला त्यात जपानने १० लाख गाठी विकत घेतल्यास त्याला ३२.५ कोटी यार्ड कापड भारतात आणता येईल, असा अदलाबदलीचा हिशेब ठरला. म्हणजे मँचेस्टर आणि ओसाका यांच्या स्पर्धेत वऱ्हाडचा शेतकरी वाटाघाटीतील एक मोहरा बनला होता. १९४१ मध्ये जपानशी व्यापार थांबला आणि आखूड धाग्याच्या कापसाची ही बाजारपेठ नाहीशी झाली. युद्धाची पहिली झळ या भागाला लागली ती अशी, भावाच्या रूपाने.

लेनिनच्या विचाराची दुसरी बाजू राजकीय होती. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनीतील समाजवाद्यांनी आपल्या सरकारच्या युद्धखर्चाला पाठिंबा दिला, आणि अन्य देशांतील बहुतेक समाजवादी पक्षही आपापल्या सरकारांच्या मागे उभे राहिले. या घटनेला लेनिनने विश्वासघात मानले, आणि साम्राज्यशाही युद्धात प्रत्येक देशाच्या कामगारवर्गाने आधी स्वतःच्याच राज्यकर्त्यांविरुद्ध लढावे, असे सूत्र मांडले. पारतंत्र्यातील देशांना हे सूत्र सहज पटण्यासारखे होते. भारतातील कामगार राजकीय प्रश्नावर उठू शकतो, हे लेनिनने फार पूर्वी हेरले होते; जुलै १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाल्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस केलेल्या संपाची त्याने त्याच वर्षीच्या एका लेखात दखल घेतली होती. वणी येथे जन्मलेले आणि यवतमाळला वकिली करणारे माधव श्रीहरी अणे, म्हणजे लोकनायक बापूजी अणे, हे टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. टिळकांच्या नावाने कामगार रस्त्यावर आले, या एकाच घटनेकडे दोन वेगळ्या परंपरा वारसा म्हणून पाहत होत्या, आणि १९४२ मध्ये त्या दोन्ही परंपरांतील पुढारी, वेगवेगळ्या कारणांनी, रस्त्यावरील जनतेपासून दूर उभे राहिलेले दिसणार होते.

१९१९ मध्ये स्थापन झालेली कम्युनिस्ट इंटरनॅशनल ही जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांची मध्यवर्ती संघटना होती आणि तिचे निर्णय घटक पक्षांवर बंधनकारक मानले जात. महाराष्ट्रात श्रीपाद अमृत डांगे यांनी १९२१ मध्ये गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका लिहिली, १९२८ च्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली, आणि १९२९ ते १९३३ या काळात कम्युनिस्ट पुढाऱ्यांवर चाललेल्या मीरत कट खटल्याने डांगे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर, अधिकारी ही नावे घराघरांत नेली. १९३४ मध्ये पक्षावर बंदी आली. पुढच्याच वर्षी इंटरनॅशनलने फॅसिझमविरुद्ध सर्व लोकशाही शक्तींची संयुक्त आघाडी उभारण्याचे धोरण स्वीकारले. या काळात मराठी माणसाने आंतरराष्ट्रीय बंधुभावाचा जो सर्वांत लखलखीत आविष्कार दाखवला, तो पक्षाच्या चौकटीबाहेर घडला. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसने सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस तेथेच राहिले, आघाडीवर शस्त्रक्रिया करीत राहिले, चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले. ज्या जपानला वऱ्हाडचा कापूस जात होता, त्याच्याच तोफांनी जखमी झालेल्या सैनिकांवर विदर्भ आणि सोलापूरचे डॉक्टर उपचार करीत होते. साम्राज्यशाही आणि फॅसिझम या दोन शत्रूंचा पेच भारतीयांसाठी किती गुंतागुंतीचा होता, हे यातून कळते.

ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला, आणि ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणत्याही भारतीय प्रतिनिधीला न विचारता भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. फॅसिझमविरोधी आघाडीचे धोरण मागे पडले आणि हे युद्ध दोन लुटारू गटांतील आहे, असे इंटरनॅशनलने ठरवले. भारतीय कम्युनिस्टांना हा निष्कर्ष मॉस्कोकडून मिळाला, हे खरे. तथापि लिनलिथगोंच्या घोषणेने तो येथील वस्तुस्थितीशी असा काही जुळला होता की, तो लादलेला वाटण्याचे कारणच नव्हते. २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईत सुमारे ९०,००० गिरणी कामगारांनी युद्धाच्या निषेधार्थ एक दिवसाचा संप केला. या युद्धाच्या विरोधात कामगारांनी केलेल्या जगातील अगदी पहिल्या संपांत त्याची गणना होते. नोव्हेंबरमध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातील रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसची मंत्रिमंडळे राजीनामा देऊन बाहेर पडली. पण काँग्रेसचा प्रत्यक्ष सामुदायिक लढा अजून दूर होता, आणि त्या मधल्या काळात युद्धविरोधाचा आवाज कामगारांनी उचलून धरला.

युद्धाबरोबर भाववाढ आली. धान्य आणि कापड महागले, मजुरी होती तेथेच राहिली, आणि मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्याच्या मागणीसाठी मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप सुरू झाला. दीड लाखांहून अधिक कामगार सुमारे चाळीस दिवस संपावर होते. सरकारने डांगे, रणदिवे आदी पुढाऱ्यांना स्थानबद्ध केले आणि संप मोडला. सर्व्हन्ट्स ऑफ इंडिया सोसायटीतून कम्युनिस्ट चळवळीत आलेल्या गोदावरी परुळेकर यांनाही युद्धविरोधी प्रचारासाठी १९४० पासून तुरुंगात राहावे लागले. या दोन वर्षांतील भूमिकेचे बळ नेमके कशात होते, हे येथे पाहण्यासारखे आहे. ‘साम्राज्यशाही युद्ध’ हा शब्द कामगाराला पुस्तकातून समजावून सांगावा लागला नाही. वाण्याच्या दुकानातील ज्वारीच्या भावाने तो समजावला. आंतरराष्ट्रीय सिद्धान्त आणि चुलीचा प्रश्न एकत्र आले तेव्हाच पक्ष मोठा झाला, आणि हीच पुढील घसरणीचीही किल्ली आहे.

२२ जून १९४१ रोजी हिटलरने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. जगातील एकमेव समाजवादी राज्य धोक्यात आले, ब्रिटन त्याचे मित्रराष्ट्र बनले, आणि येथील कम्युनिस्टांपुढे अवघड प्रश्न उभा राहिला: मित्राचा मित्र असलेल्या परक्या राज्यकर्त्याशी लढायचे की नाही? पक्षाने लगेच पवित्रा बदलला नाही, ही गोष्ट मॉस्कोच्या हुकुमाचा सिद्धान्त मांडणारे सहसा विसरतात. भूमिगत नेतृत्व काही महिने ब्रिटिशविरोधी लढ्यावर ठाम होते; उलट राजपुतान्यातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध असलेल्या डांगे, रणदिवे आदी पुढाऱ्यांनी आतून नवी भूमिका घेण्याचा आग्रह धरला, आणि ब्रिटिश कम्युनिस्टांचेही तेच म्हणणे होते. डिसेंबर १९४१ मध्ये पक्षाने ‘लोकयुद्धा’चा ठराव केला. सोव्हिएत संघ हरला तर जगातील प्रत्येक पारतंत्र्यातील देशाची आशा हरेल, फॅसिझमच्या विजयानंतर भारताला मिळेल तो फक्त नवा धनी, आणि म्हणून राष्ट्रीय सरकारची मागणी करीत असतानाच युद्धप्रयत्नांत अडथळा आणू नये, असा तो युक्तिवाद होता. त्याच महिन्यात जपान युद्धात उतरला आणि पुढच्या काही महिन्यांत मलाया, सिंगापूर व रंगून त्याच्या हाती पडले, त्यामुळे हा युक्तिवाद काल्पनिक राहिला नाही. जुलै १९४२ मध्ये सरकारने पक्षावरील बंदी उठवली आणि ‘लोकयुद्ध’ हे मराठी साप्ताहिक उघडपणे निघू लागले.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीपुढे ‘छोडो भारत’ ठराव आला, तेव्हा सोलापूरचे श्रीनिवास गणेश सरदेसाई आणि डॉ. अश्रफ आदी कम्युनिस्ट सभासदांनी त्याला दुरुस्त्या सुचवल्या आणि मतदानात १३ जणांनी ठरावाच्या विरुद्ध हात वर केले. भारावलेल्या त्या मंडपात असे उभे राहणे सोपे नव्हते. गांधीजींनी त्याच रात्रीच्या भाषणात या तेरा जणांचे, त्यांनी आपल्या मताशी प्रामाणिक राहून मतदान केले म्हणून, अभिनंदन केले. दुसऱ्या दिवशी पहाटे पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि मंडपातील मतभेद गावोगावच्या रस्त्यांवर आला, जिथे त्याला ते सौजन्य उरले नाही.

विदर्भात १६ ऑगस्ट १९४२ हा दिवस निर्णायक ठरला. त्या दिवशी चिमूर आणि आष्टी या दोन्ही गावांत जमाव व पोलीस यांच्यात संघर्ष झाला, गोळीबारात माणसे मेली, जमावाच्या हातून काही अधिकारी व पोलीस मारले गेले, आणि त्यानंतर चिमुरात आलेल्या लष्कराने घराघरांत शिरून स्त्रियांवर अत्याचार केले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातील प्रा. भन्साळी दिल्लीला बापूजी अणे यांच्या घरी गेले. १९३० मध्ये पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह करणारे आणि त्यासाठी तुरुंगात गेलेले अणे आता व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते आणि परदेशस्थ भारतीयांचे खाते पाहत होते. अण्यांनी स्वतः चिमूरला यावे, ही भन्साळींची मागणी त्यांना मान्य करता आली नाही. भन्साळींनी उपोषण आरंभले, आणि ते ६३ दिवसांनी जानेवारी १९४३ मध्ये संपले. पुढच्याच महिन्यात गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर अण्यांनी, होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह, सभासदत्वाचा राजीनामा दिला. युद्धकाळात सरकारच्या आत राहून देशाचे हित साधता येईल, ही त्यांची धारणा दीड वर्षही टिकली नाही.

अण्यांच्या आणि कम्युनिस्टांच्या विचारसरणींत काहीही साम्य नव्हते. तरी चिमूरच्या प्रश्नावर त्यांच्यापुढील पेच एकाच जातीचा होता. जर्मनी-जपानचा पराभव आवश्यक आहे हे मानले, तर आपल्याच गावातील अत्याचाराविरुद्ध लढा किती आणि कसा पुकारावा? कम्युनिस्टांनी दडपशाहीचा निषेध केला, नेत्यांच्या सुटकेची मागणी लावून धरली, धान्याच्या काळ्या बाजाराविरुद्ध समित्या काढल्या. पण संप टाळावा, उत्पादन वाढवावे, रूळ उखडणाऱ्यांना आवर घालावा, हाही त्यांचा संदेश होता. शेजारच्या गावात सैनिकांनी घरे लुटली असताना हा संदेश घेऊन फिरणाऱ्या कार्यकर्त्याची वऱ्हाडात काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करता येते. चळवळीतील सर्वांनी ही भूमिका मान्य केली असेही नाही; मुंबईतील एस. के. लिमये, यशवंत चव्हाण आदी कार्यकर्ते याच प्रश्नावर पक्षापासून वेगळे झाले, आणि त्यांच्या ‘नवजीवन संघटने’तून पुढे लाल निशाण पक्ष आकाराला आला. मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी मात्र कम्युनिस्टांच्या आधीपासूनच, १९४० पासून, युद्धाच्या बाजूने होते, आणि त्यांत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखे विचारवंत होते. म्हणजे फॅसिझमला अग्रक्रमाचा शत्रू मानणे हा केवळ मॉस्कोनिष्ठेचा भाग नव्हता.

या काळात पक्षाची वाढ झाली, ही बाब बेचाळीसच्या कथनात झाकली जाते. मे १९४३ मध्ये मुंबईत पहिली पक्ष काँग्रेस भरली तेव्हा सभासदसंख्या पंधरा हजारांवर गेली होती. त्याच महिन्यात नागपूर येथे भरलेल्या आयटक या कामगार महासंघाच्या अधिवेशनात डांगे अध्यक्ष झाले. अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला; शिवकाळापासून चालत आलेल्या डफ-तुणतुण्याच्या या प्रकारात व्होल्गाकाठची झुंज गिरणगावातील चाळींपुढे गायली गेली, आणि पुढच्या वर्षी अमर शेख व गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कला पथक उभे केले. बंगालच्या दुष्काळात पक्षाच्या कार्यकर्त्यांनी केलेले मदतकार्यही मोठे होते. परंतु ही वाढ मुख्यतः जेथे आधीच पाय रोवलेला होता तेथे झाली. कोरडवाहू कापसाच्या प्रदेशात, जेथे साम्राज्यशाहीचे विवेचन सर्वांत चपखल लागू पडत होते, तेथे चाळीसच्या दशकात चळवळीला असा व्यापक पाया मिळाला नाही, आणि त्यामागील कारणांत बेचाळीसचे अंतर हे एक प्रमुख कारण मानावे लागते.

पश्चात्बुद्धीने निवाडा करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. फॅसिझमचे जागतिक संकट आणि सोव्हिएत संघाच्या विजयाचे महत्त्व यांविषयी कम्युनिस्टांचे निदान बरोबर ठरले. स्टालिनग्राडनंतर युद्धाचे पारडे फिरले, आणि त्यातून वसाहतींचे साम्राज्यही खिळखिळे झाले. त्यांची चूक होती ती या निदानावरून येथील डावपेच काढण्यात. १९४० मध्ये त्यांनी जगाचा प्रश्न मजुरीच्या प्रश्नातून लोकांपर्यंत नेला, तर १९४२ मध्ये जगाचा प्रश्न लोकांच्या अनुभवावर ठेवला आणि अनुभवाने वाट द्यावी अशी अपेक्षा केली. ती अपेक्षा अन्याय्य होती, कारण चिमूरच्या स्त्रियांवर अत्याचार करणारे लष्कर आणि फॅसिझमशी लढणारे लष्कर हे त्या गावासाठी एकच होते.

त्याची किंमत लगोलग मोजावी लागली. १९४४ पासून गांधीजी आणि पक्षाचे सरचिटणीस पूरनचंद जोशी यांच्यात या काळातील वर्तनावर पत्रव्यवहार झाला, आणि १९४५ च्या अखेरीस कम्युनिस्टांना काँग्रेस समित्यांतून काढण्यात आले. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी बंड केले, तेव्हा पक्षाने त्यांच्या पाठिंब्यासाठी सार्वत्रिक संप पुकारला, परळमध्ये कमल दोंदे लष्कराच्या गोळीला बळी पडल्या, आणि बेचाळीसमध्ये तुटलेला धागा काही प्रमाणात पुन्हा जुळला. १९४८ च्या कलकत्ता पक्ष काँग्रेसमध्ये जोशींना हटवून रणदिवे सरचिटणीस झाले आणि मागील सर्व धोरण सौम्यपणाचे म्हणून फेटाळले गेले.

हाच पेच पुढे पुन्हा समोर आला, आणि या वेळी समोर ब्रिटिश साम्राज्य नव्हते. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध पेटले, तेव्हा डांगे यांच्या नेतृत्वाखालील बहुमताने १ नोव्हेंबरला देशाच्या संरक्षणाला निःसंदिग्ध पाठिंबा देणारा ठराव केला, तर चीनला आक्रमक ठरवण्यास तयार नसलेल्या गटातील शेकडो कार्यकर्ते देशभर स्थानबद्ध झाले. ज्या महाराष्ट्राने चीनला कोटणीस दिले, तेथे या प्रश्नाने जिवाभावाची माणसे दुरावली. १९६४ मध्ये पक्ष फुटला. डांगे, सरदेसाई आणि अधिकारी एका बाजूला राहिले, रणदिवे आणि परुळेकर दांपत्य मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात गेले. देवळीच्या छावणीत एकत्र बसून लोकयुद्धाची भूमिका घडवणारे रणदिवे आणि डांगे अनुक्रमे १९९० आणि १९९१ मध्ये निधन पावले, तोवर ते पुन्हा कधी एका पक्षात आले नाहीत.